उत्तर भिंतीच्या गारगोट्या

आरसा धरायचं काम मॉसीचं, वाचायचं काम डर्वलाचं. किलवार्रा गावच्या चर्चमागची थडगी दोनशे वर्षं समुद्राचा खारा वारा खात उभी होती. कित्येकांवरची अक्षरं इतकी झिजली होती की समोरून पाहावं तर दगड साफ कोरा. पण मॉसी क्विर्क घरच्या कपाटाचा जुना आरसा काखेत मारून यायचा, दहा पावलं लांब उभा राहायचा आणि उजेडाचा एक तिरपा पट्टा दगडावर टाकायचा. मग त्या कोऱ्या दगडातून एकेक अक्षर वर यायचं. डर्वला गुडघ्यांवर बसून ते पुठ्ठ्यावरच्या कागदावर उतरवून घ्यायची. नाव, गाव, वय, साल, आणि शेवटी दगडाचा क्रमांक.

"हलवू नका," ती म्हणाली. "आत्ता बायकोचं नाव दिसत होतं."

"मी नाही हलत. ढग हलतोय." मॉसीने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "आणि बायकोचं नाव आहे असं तुला कोण म्हणालं? पाच मुलग्यांची नावं कोरता कोरता यांचा दगड संपला असेल. 'आणि त्याची पत्नी' एवढं लिहून मोकळे झाले असतील."

तसंच निघालं. 'आणि त्याची पत्नी', पुढे काही नाही. डर्वलाने तेवढंच लिहून घेतलं. नोंदीचा नियमच तो होता. दिसेल तेवढं लिहायचं, मनचं घालायचं नाही.

लिहून झाल्यावर ती उठली आणि यू नावाच्या जुन्या सदाहरित झाडाखाली उभ्या केलेल्या बाबागाडीकडे गेली. ओरान झोपला होता. तिने वाकून त्याच्या नाकाशी गाल नेला, श्वास लागेपर्यंत तशीच थांबली, मग परत आली.

"आहे ना?" मॉसीने विचारलं.

"कोण?"

"तुझा मुलगा. दहा मिनिटांपूर्वी होता, म्हणून विचारलं. अजून रांगताही येत नाही बिचाऱ्याला, जाईल कुठे?"

डर्वला कसनुसं हसली. सात महिन्यांच्या त्या पोराला तिने अजून कुणाच्या हातात फार वेळ दिलं नव्हतं. गाडी तर कुणालाच ढकलू दिली नव्हती, सासूलासुद्धा नाही. कॉर्क शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकून ती या गावात सून म्हणून आली. फादर टिअर्नींनी जेव्हा थडग्यांवरचे लेख पुसून जायच्या आत उतरवून घ्यायचं काम तिला देऊ केलं, तेव्हा तिने ते घेतलं याचं खरं कारण हेच होतं की इथे मूल डोळ्यांसमोर ठेवून काम करता येत होतं.

अकरा वाजता फाटक वाजलं. डेलिया हॅनाफिन चहा घेऊन आली होती. एका हातात थर्मास, दुसऱ्यात फडक्यात गुंडाळलेला बेदाण्यांचा पाव. वय शहात्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि फेब्रुवारीत नवरा गेल्यापासून अंगात एकच काळा कोट. फाटकाजवळ फुलांचा नवा वाफा केला होता, त्याच्याशी ती रोजच्यासारखी घटकाभर थांबली.

"छान कड केलीय याला," ती जवळ येत म्हणाली. "मला नुसतं पांढरं पांढरं दिसतं. पण छान दिसतं."

तिघं एका आडव्या दगडाच्या काठावर बसली. डेलियाने कप पुसले, चहा ओतला, मॉसीला पावाचा टोकाचा तुकडा दिला, कारण त्याला तोच आवडायचा.

"किती झाली?"

"दोनशे अकरा," डर्वला म्हणाली.

"आणि उत्तरेकडची?"

"उत्तरेकडे काही नाही, मिसेस हॅनाफिन. तिथे एकही थडगं नाही. नुसतं गवत माजलं होतं, तेही जूनमध्ये कापलं. चर्चच्या कमिटीने सगळं आवार साफ केलं ना, रविवारसाठी."

रविवार म्हणजे थडग्यांचा रविवार. वर्षातून एकदा अख्खा पॅरिश, म्हणजे या चर्चखालची सगळी वस्ती, इथे लोटायचा. बॉस्टनला गेलेलेसुद्धा त्या सुमारास रजा काढून यायचे. प्रत्येक घर आपापल्या थडग्याशी उभं राहायचं आणि फादर पवित्र पाणी शिंपडत सगळ्यांमधून फिरायचे. तो रविवार आता सहा दिवसांवर आला होता.

"कापलं का गवत," डेलिया म्हणाली. पुसलेला कप ती पुन्हा पुसत होती. "मी त्याचीच वाट पाहत होते. माझे डोळे हे असे, गवतातून काय दिसणार? आणि खरं सांगायचं तर पायही उचलत नव्हता. पोरी, माझं एक काम करशील? तिथे भिंतीच्या कडेने पांढऱ्या गारगोट्या असतील. त्यातली एक शोधायची. तिच्यातून तांबडी रेघ गेलीय, दोऱ्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मॉसीने आरसा मांडीवर घेतला आणि बाहीने पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता.

डर्वलाने कप खाली ठेवला. "कशाला हवीय ती?" तिने विचारलं.

"त्रेपन्न सालचा मार्च," डेलिया म्हणाली. दूध किती घालू असं विचारावं तशा आवाजात. "मुलगी झाली. पण तिने श्वासच घेतला नाही. श्वास नाही म्हणून बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून आपल्या माणसांत जागा नाही. तेव्हा असंच होतं. सुईणीने टॉवेलात गुंडाळली, माझ्या नवऱ्याने, यूजीनने, संत्र्यांच्या खोक्यात घातली आणि घेऊन गेला. बायकांनी जायचं नसायचं. परत आला तेव्हा बुटांना चिखल होता. ते त्याने दारातच काढले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं त्याने त्या विषयावर तोंड उघडलं नाही आणि मी विचारलं नाही. चार मुलगे झाले, वाढले, लग्नं करून गेले. या फेब्रुवारीत, जायच्या आधी दोन दिवस, मी त्याची उशी सारखी करत होते, तर म्हणाला, डेलिया, किनाऱ्यावरून गारगोटी आणली होती मी. बाकीच्या नुसत्या पांढऱ्या होत्या, म्हणून तांबड्या रेघेची शोधून आणली. म्हटलं, तू कधी गेलीस तर तुला ओळखू यावी."

चहावर साय धरायला लागली होती. कुणी पीत नव्हतं.

"पंचेचाळीस वर्षं मी या रविवारी सासूच्या थडग्याशी हात जोडून उभी राहतेय. माझी सासू कशी होती ते याला विचार."

"वाघीण," मॉसी आरशाकडे बघत म्हणाला.

"यंदा एकदा माझ्या मुलीपाशी उभी राहीन म्हणते. एकदा पुरे. पुढल्या वर्षीचं कुणी सांगावं? तू शिकलेली आहेस, नजर चांगली आहे तुझी. तेवढी जागा मला दाखव."

"बघते," डर्वला म्हणाली.

डेलिया थर्मास घेऊन, वाफ्यापाशी पुन्हा क्षणभर थांबून, निघून गेली.

डर्वलाने त्या गारगोट्या पाहिल्या होत्या. चांगल्याच पाहिल्या होत्या. सात आठवड्यांपूर्वी, मॉसी इस्पितळात असताना, ओरानला कडेवर घेऊन ती उत्तरेची भिंत मोजायला गेली होती. गवत कमरेइतकं. त्यात पायाखाली काहीतरी आलं आणि ती ठेचकाळली. पडली नाही, एका हाताने भिंत धरली. पण तेवढ्या एका क्षणात पोराची टाळू आणि खालचा दगड यांच्यातलं अंतर तिने पाहिलं, आणि ते पुढे कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्याच दिवशी तिने कमिटीच्या लोकांना सांगितलं, त्या बाजूचे दगड आधी उचला, कुणीतरी पडेल. त्यांनी गवत कापलं, दगड ढकलगाडीत भरले. एवढे पांढरेशुभ्र दगड टाकून कशाला द्यायचे असं कुणीतरी म्हणालं, आणि ते फाटकाजवळ गेले. ढकलगाडी दुसऱ्या कामाला लागली तेव्हा उरलेले सात-आठ दगड तिने स्वतः उचलले, ओरानच्या गाडीखालच्या टोपलीत ठेवले आणि वर ओरानला झोपवून फाटकापर्यंत नेले. वाफ्याची कडही तिनेच रचली होती. आणि मग नकाशात त्या पट्ट्यावर नीट अक्षरांत लिहिलं होतं, 'रिकामी जागा'.

अशी पोरं कुठे पुरत हे ती कॉलेजात शिकली होती. पण पुस्तकातल्या त्या जागा डोंगरावर असायच्या, चौरस्त्यावर, पडक्या गढ्यांच्या कडेला. चर्चच्या मागे चाळीस पावलांवर त्या असतील हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. नोंदीच्या नियमांच्या पहिल्याच पानावर छापलं होतं की नकाशा होईपर्यंत एकही सुटा दगड हलवू नये. तेही तिने वाचलं होतं. ठळक अक्षरांत होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती मॉसीला म्हणाली.

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काठी टेकत परत आलो तोवर वाफ्यात फुलं लागली होती. सगळा गाव तुझं कौतुक करत होता." मॉसीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "इथे त्यावर कुणी बोलत नाही, डर्वला. तीस वर्षं मी या आवारात खड्डे खणले. ते खड्डे मात्र मी नाही खणले. ते बाप यायचे स्वतः, दिवस मावळला की, नाहीतर उजाडायच्या आत. सकाळी मी यायचो तेव्हा एक गारगोटी वाढलेली असायची. मी तिकडे बघायचो नाही. तेवढी माणुसकी होती आमच्यात. दुसरी नव्हती." त्याने टोपीची कड चाचपली. "आणि तुला काय सांगणार होतो? पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला?"

ती उठून फाटकाशी गेली. सदतीस होत्या. तिने एकेक उलटीपालटी केली. तिच्या हातात ओरानचं लाळेरं होतं, ते डबक्यात बुडवून तिने गारगोट्या पुसल्या. तांबडी रेघ असलेली सगळ्यांत पुढे, दर्शनी कोपऱ्यात होती. दोन मुठींएवढी. सुंदर दिसते म्हणून तिनेच ती तिथे लावली होती.

मॉसी लंगडत मागे आला. "ही घे आणि भिंतीजवळ ठेव," तो म्हणाला. "सांग सापडली म्हणून. खरी जागा तिला माहीत नाही, मला नाही, तुला नाही. देवाला असेल, पण तो काही चहा प्यायला येऊन सांगायचा नाही."

"आणि बाकीच्या छत्तीस?"

"बाकीच्यांचं कुणी विचारलंय?"

डर्वलाने गारगोटी उचलली आणि उत्तरेच्या भिंतीकडे गेली. कापलेल्या गवतातून आता नवं कोवळं गवत आलं होतं, सगळीकडे सारखं. उंचवटा नाही, खळगा नाही. तिने गारगोटी ॲशच्या झाडाखाली ठेवली. मग वाटलं, मुळांत कुणी खणणार नाही. भिंतीला लागून ठेवली. मग तिथून दोन हात अलीकडे घेतली. प्रत्येक ठिकाणी ती तितकीच खरी दिसत होती. तिच्या डोळ्यांपुढे आलं, डेलिया इथे गुडघे टेकेल. पंचेचाळीस वर्षांचं साठलेलं काहीतरी या गवताला सांगेल, आणि खाली कुणी नसेल. नाहीतर दुसऱ्याच कुणाची मुलगी असेल.

यूखाली ओरान रडायला लागला. ती गारगोटी हातात घेऊनच धावली. पोराला उचलायला हात मोकळे हवे होते म्हणून तिने ती गाडीखालच्या टोपलीत टाकली, आणि टाकल्यावर तशीच उभी राहिली.

दोन दिवस ती कामावर गेली नाही. कॉल्मला, नवऱ्याला, पोराच्या सर्दीचं कारण सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन ती डेलियाच्या घरी गेली. गाडी उघड्या दारात, आतून दिसेल अशी उभी केली. डेलिया टेबलाशी बसून नवे बटाटे सोलत होती. मागच्या भिंतीवर चार मुलग्यांच्या लग्नांचे फोटो एका ओळीत लावले होते.

"सापडली?" डेलियाने मान वर न करता विचारलं.

"सापडली."

डर्वलाने गारगोटी टेबलावर ठेवली. डेलियाने ओले हात ॲप्रनला पुसले, मग पुन्हा एकदा पुसले. तिने गारगोटी उचलून खिडकीकडे धरली, डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, आणि अंगठा रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"हीच," ती म्हणाली. "कुठे होती?"

ॲशच्या झाडाजवळ. एवढे शब्द डर्वलाच्या ओठांपर्यंत आले होते.

"फाटकाजवळ," ती म्हणाली. "वाफ्याच्या कडेला. मी लावली होती तिथे."

मग तिने सगळं सांगितलं. ठेच, गवत, ढकलगाडी, नकाशातले ते दोन शब्द. मध्ये थांबली असती तर पुढे सांगता आलं नसतं, म्हणून थांबली नाही. "आता त्या कुठे होत्या हे कुणालाच सांगता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मलाही नाही. मॉसीलाही नाही."

बटाट्यांच्या भांड्यातलं पाणी स्थिर झालं होतं. बाहेर रस्त्यावरून दुधाचा ट्रक गेला, आणि त्याचा आवाज पार चढावापलीकडे विरेपर्यंत डेलियाचा अंगठा त्या रेघेवरच होता.

"मी रोज तिथे थांबत होते," ती म्हणाली. "छान दिसतं म्हणत होते."

"मिसेस हॅनाफिन, मला माफ…"

"थांब जरा. माफीचं मागून बघू." तिचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "तुला कळायला हवं होतं. मी चौथी शिकलेली, मला गप्प बस म्हणाले, मी बसले. तुला कुणी गप्प बस म्हटलं होतं का? तू विचारायचं होतंस. उचलायच्या आधी एका माणसाला विचारायचं होतंस."

"हो."

"एका माणसाला."

"हो."

डेलियाने सुरी उचलली, अर्धा सोललेला बटाटा हातात घेतला, आणि दोन्ही परत खाली ठेवलं. "आणि नेलीस कशातून? त्या लोखंडी ढकलगाडीतून? दगडमाती, तण, सगळ्यातून?"

"नाही. ही नाही. ढकलगाडी तेव्हा दुसरीकडे होती. शेवटच्या सात-आठ मीच नेल्या. ओरानच्या गाडीतून. खालच्या टोपलीत."

"तो होता गाडीत?"

"वर झोपला होता."

डेलियाने मान वळवून दाराकडे पाहिलं. तिला काय दिसत होतं कुणास ठाऊक. चार चाकं, निळं छत, त्यामागचा उजेड. बराच वेळ ती बघत राहिली.

"म्हणजे बाबागाडीत बसली ती," ती म्हणाली. "एकदा तरी."

डर्वला खाली बघत होती.

"आमच्याकडे गाडी होती, ठाऊक आहे? मूल व्हायच्या आधी घरात गाडी आणू नये म्हणतात. सासूने तर उंबऱ्यातही येऊ दिली नसती. पण यूजीनने ट्रॅली गावाहून आणली आणि गोठ्यात पोती टाकून झाकून ठेवली. मला हळूच नेऊन दाखवली होती. पुढे त्याच गाडीत चौघं मुलगे वाढले. सगळे म्हणायचे मोठ्याची गाडी, मोठ्याची गाडी. मोठ्याची नव्हती ती." तिने ॲप्रनचं टोक तोंडाशी नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.

डर्वला उठली नाही, तिला हातही लावला नाही. आपल्या हाताने लावावा असं तिला वाटेना. दारात ओरान आपल्याच पायांशी काहीतरी बोलत होता.

"बाकीच्या तिकडे परत ने," डेलिया कधीतरी म्हणाली. "कशाही ठेव, पण तिकडे ने. हातांनी ने. ही राहू दे इथे रविवारपर्यंत."

"नोंदीत तिचं नाव लिहू?"

"दगडावर तर काही नाही. मॉसी म्हणतो, तू दगडावर नसलेलं लिहीत नाहीस."

"लिहीन."

डेलियाने गारगोटी मांडीवर घेतली. "विनिफ्रेड," ती म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाली, "विनी. माझ्या आईचं नाव." तिने आवाज ऐकू आल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. "या घरात हे नाव मी आज पहिल्यांदा घेतलं."

छत्तीस गारगोट्या परत न्यायला शनिवारची सगळी दुपार गेली. मॉसी एका वेळी एकच न्यायचा, दोन्ही हातांत धरून, काठी फाटकाशी ठेवून. डर्वलाने सांगितलं, गुडघा दुखेल, मी नेते. तो म्हणाला, इतकी वर्षं तिकडे बघितलं नाही, आता जरा बघू दे. भिंतीच्या कडेने त्यांनी एक ओळ लावली. ती ओळ खरी नव्हती हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी डर्वलाने नकाशा मांडीवर घेतला, 'रिकामी जागा' खोडलं आणि त्याखाली लिहिलं की येथे बाप्तिस्मा न झालेल्या मुलांच्या कबरी आहेत, खुणेच्या सदतीस गारगोट्या होत्या, त्या नोंद करणाऱ्या बाईने जूनमध्ये हलवल्या, मूळ जागा आता सांगता येत नाहीत. त्याखाली विनिफ्रेड हॅनाफिन, १९५३. आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव.

मॉसीने तिच्या खांद्यावरून वाचलं. "हे छापणार?"

"हो."

"लोक बोलतील."

"बोलू देत."

"बोलले तर बरंच आहे म्हणा," मॉसी म्हणाला आणि काठी शोधायला गेला.

रविवारी ढग खाली उतरले होते, पण पाऊस नव्हता. डर्वला दुपारी डेलियाच्या दाराशी पोचली तेव्हा ती काळा कोट घालून उभीच होती. गारगोटी तिने बशा पुसायच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळली होती. वाकून तिने ती गाडीखालच्या टोपलीत ठेवली, फडक्याची टोकं नीट आत खोचली, आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"गाडी मी ढकलू का?" तिने विचारलं. "गुडघ्यांना तेवढाच आधार."

डर्वलाचे हात दांड्यावर होते. "उतार आहे," ती म्हणाली. "चर्चच्या वळणावर तर…"

डेलिया वाट बघत उभी राहिली.

डर्वलाने हात काढले. पहिली काही पावलं तिचा हात दांड्यापासून बोटभर अंतरावर चालत होता. मग तिने तो स्वेटरच्या खिशात घातला आणि तिथे मूठ आवळून ठेवली. डेलिया फार हळू ढकलत होती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिला दिसत नव्हता तरी चाकाला कळत होता, आणि ती प्रत्येकाला वळसा घालत होती. मागून येणाऱ्या मोटारी वेग कमी करून त्यांच्यामागे रांगेत आल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही.

फाटकाजवळचा वाफा उघडा पडला होता, कडेची माती वाटेवर ओघळली होती. आत माणसंच माणसं. हॅनाफिनांच्या थडग्याशी डेलियाचे दोन मुलगे सूट घालून उभे होते.

"आई, इकडे," मोठा म्हणाला.

ती थांबली नाही. गाडी त्यांच्यापुढून गेली. मोठा मुलगा आधी धाकट्याकडे बघायला लागला, मग गाडीकडे.

उत्तरेच्या भिंतीशी आधीच तीन-चार माणसं उभी होती. डोंगरावरचा एक ऐंशीचा म्हातारा, काठी टेकलेली एक बाई, आणखी दोघं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मॉसी त्यांच्या जरा मागे, टोपी हातात घेऊन. डर्वलाने कुणाला काही सांगितलं नव्हतं. मॉसीने सांगितलं असणार, किंवा तो वाफा बघून ज्याला समजायचं त्याला समजलं असणार.

फादर टिअर्नी दरवर्षीप्रमाणे यूच्या झाडापर्यंत आले, आणि तिथून परत फिरायला वळले. मग त्यांनी भिंतीकडची माणसं पाहिली. क्षणभर थबकले. त्यांच्या मागची प्रार्थना म्हणणारी माणसं एकमेकांवर आदळली. मग ते ओल्या गवतातून इकडे चालत आले. जवळ आल्यावर कोणती प्रार्थना म्हणावी हे त्यांना ठरवता येईना बहुतेक, कारण ते नुसतेच उभे राहिले, आणि काही न म्हणता पाणी शिंपडलं. थेंब गारगोट्यांवर पडले, म्हाताऱ्याच्या बुटांवर पडले, गाडीच्या निळ्या छतावर पडले.

ते गेल्यावर डेलिया म्हणाली, "आता ठेव ती."

"मी?"

"तूच उचलली होतीस."

डर्वलाने टोपलीतून फडकं काढलं, गारगोटी सोडवली आणि ओळीच्या टोकाशी गुडघे टेकले. "इथे?"

"इथे नाही ती," डेलिया म्हणाली. "मला ठाऊक आहे. पण मी इथे उभी आहे ना. ठेव."

डर्वलाने ठेवली. ओल्या गवतावर तांबडी रेघ स्पष्ट दिसत होती, वरच्या बाजूला येईल अशी तिने ती वळवली. वर ओरान जागा होऊन रडायला लागला. ती उठायच्या आत डेलियाने गाडी हलवायला सुरुवात केली होती, सावकाश, पुढे-मागे, पुढे-मागे, डोळे खाली गवताकडे ठेवून. थोड्या वेळाने ओरान गप्प झाला. ती हलवतच राहिली.